‘इंडियाज गॉट लेटेंट’ : चपाती गार झाली तरी डोळे हलत नव्हते

सांगलीत विश्रामबागेत माझी मेस आहे. रात्री साडेआठला इंजिनिअरिंगची पोरं जेवायला येतात. २०२४ च्या पावसाळ्यात नवीनच प्रकार सुरू झाला. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवायचा, भोवती सातआठ डोकी आणि ताटातली चपाती गार. एकदा पदराला हात पुसत मीही मागं उभी राहिले. स्टँड-अप कॉमेडियन समय रैनाचा ‘इंडियाज गॉट लेटेंट’ हा यूट्यूबवरचा कार्यक्रम चालू होता. अख्खा भाग संपेपर्यंत मी हलले नाही.

शिव्या भरपूर आहेत, पण त्या दहा मिनिटांत कानाला सवयीच्या होतात. धरून ठेवतो तो खेळ. स्पर्धक कला दाखवतो आणि स्वतःच स्वतःला दहापैकी गुण देऊन ठेवतो. परीक्षकांच्या गुणांची सरासरी त्या आकड्याशी जुळली, तर तिकिटांचे पैसे त्याचे. म्हणजे सुरेल गाणारा हरू शकतो आणि आपण बेसूर आहोत हे ओळखणारा जिंकू शकतो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक कधी डोळे पुसणार ते मला आधीच कळतं. इथं पुढचं वाक्य काय येईल, सांगता येत नाही. पोरं मागं नेऊन पुन्हा काय बघतात, तेही मी पाहिलं. परीक्षकाचा टोमणा नव्हे, स्पर्धकानं दिलेलं उलट उत्तर.

माझं माहेर कवलापूर, तमाशातल्या काळू-बाळूंचं गाव. वडील सांगायचे, वग पाठ असायचा, तरी आज बतावणीत काय नवं निघतंय म्हणून माणसं परत जायची. पण सोंगाड्याचा शब्द लागायचा तो राजाला, पाटलाला, हवालदाराला. इथं नवखं, घाबरलेलं पोर समोर असलं तरी चार-पाच जण मिळून त्याच्या दिसण्यावर घसरतात आणि ते कसंनुसं हसतं. अशाच एका वेळी सगळी मेस हसली. बोलताना अडखळणारा आमचा एक मुलगा तेवढा ताट उचलून निघून गेला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पाहुण्या परीक्षकानं आईवडिलांवरून अश्लील प्रश्न विचारला. गुन्हे दाखल झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, रैनानं सगळे भाग यूट्यूबवरून काढले. त्या आठवड्यात आमचा दूधवालासुद्धा विचारत होता, “वहिनी, ते कुठं बघायला मिळंल?” सिनेमाला आधी सेन्सॉरचा दाखला लागतो, यूट्यूबवर टाकायला तसं काही लागत नाही. म्हणून माणसाला वाटतं, हे खरंखुरं, न कापलेलं. कापलेलं तेही असतं, फक्त कात्री कार्यक्रम करणाऱ्याच्याच हातात असते.

माझे दहापैकी सहा. सगळे गुण त्या खेळाच्या बांधणीला आणि उलट उत्तरं देणाऱ्या स्पर्धकांना. पोरांनी नऊ दिले. ताट उचलून गेलेल्याला मी विचारलं नाही.