नाणं उत्तम, पेटी घातक: चांदीच्या स्मृतिनाण्यांसोबत सोळा महिने

पहिलं नाणं घेतलं तेव्हा मी एकच आकडा बघितला होता, तो म्हणजे एकूण किती पाडली. कमी पाडली म्हणजे भारी, एवढं सोपं गणित. आज सोळा महिन्यांनी माझ्याकडे सहा नाणी आहेत आणि त्यातल्या तिघांवर काही ना काही झालेलं आहे. गुंतवणूक म्हणून कशी, हे मला विचारू नका. एकही अजून विकलेलं नाही. हा अनुभव ती घरात सांभाळण्याचा.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं चकचकीत नाणं. त्याचा साचा आणि चांदीची चकती दोन्ही आधी चकाकेपर्यंत घासलेले असतात आणि छाप एकाहून जास्त वेळा मारतात. साच्यातला चित्राचा भाग मात्र मुद्दाम खरखरीत ठेवतात. त्यामुळे दिव्याखाली धरलं की मोकळी जागा काळ्याशार आरशासारखी दिसते आणि चित्र तिच्यावर दुधाळ पांढरं उठून येतं. मनगट जरासं फिरवलं की आरसा एकदम उजळतो, चित्र करडं होतं. हा खेळ मी अजूनही आठवड्यातून एकदा तरी खेळतो. फोटोत यातलं काही येत नाही. माझ्या प्रत्येक फोटोत नाण्याच्या मधोमध माझाच मोबाइल दिसतो.

आता नाण्यासोबत येते ती पेटी. गडद पॉलिशचं लाकूड, आत मखमल, झाकणाला लोहचुंबक, बंद होताना छान ‘टप्’ आवाज. पहिलं नाणं पाच महिने मी तिच्यातच ठेवलं. सहाव्या महिन्यात कडेला फिकट पिवळी झाक दिसली. आधी वाटलं दिव्याचा रंग असेल. खिडकीशी नेऊन पाहिलं तर खालच्या डाव्या बाजूला ती पिवळ्यावरून तांबूस होत चालली होती.

चांदीचं वैर ऑक्सिजनशी नाही, गंधकाशी आहे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो आणि दमटपणा असला की काम लवकर होतं. थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलत जातो: पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा आणि शेवटी काळा. कॅप्सूल, म्हणजे नाणं ज्यात बसवलेलं येतं ती पारदर्शक प्लास्टिकची डबी, हवाबंद आहे असं आपण धरून चालतो, पण तिची दोन झाकणं नुसती एकमेकांत बसलेली असतात. लाकूड, त्याचं पॉलिश, मखमलीखालचा गोंद यातून जे काही हळूहळू सुटतं, ते बंद पेटीत साठत राहतं. मात्र सगळं पापही पेटीच्या माथी मारता येत नाही. प्रमाणपत्र आणि माहितीपुस्तिका मी रबरबँड लावून त्याच पेटीत कोंबली होती. रबर टणक करायला गंधकच वापरतात, हे मला नंतर कळलं.

साफ करायचं का? नाही. चांदी उजळायच्या द्रावणात थायोयुरिया आणि आम्ल असतं. ते डागासोबत वरचा थरही उतरवतं, आणि प्रूफचा आरसा एकदा मंद झाला की परत येत नाही. एका मित्राने टूथपेस्ट सुचवली. आमची मैत्री टिकून आहे, पण नाणी मी त्याला दाखवत नाही. ती पिवळी कड मी तशीच ठेवली आहे. संग्राहक तिला टोनिंग म्हणतात आणि काहींना ती आवडतेही. मला नाही आवडत.

दुसरी चूक शंभर टक्के माझी. एका नाण्याचा फोटो नीट यावा म्हणून कॅप्सूल उघडली, सुती हातमोजे घातले, कड दोन बोटांत धरली, सगळं पुस्तकात सांगतात तसं. इतक्यात भाच्याने विचारलं, “मामा, किती ग्रॅमचं आहे हे?” मी नाण्यावर ओणवा राहूनच उत्तर दिलं. महिन्याभराने त्या आरशावर सुईच्या टोकाएवढे तीन तपकिरी ठिपके आले. थुंकीचे शिंतोडे. आता माझा नियम आहे की कॅप्सूल उघडी असताना तोंड बंद.

तिसऱ्या नाण्यात माझी काही चूक नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. ते मी प्रतवारी करून टणक प्लास्टिकच्या चौकटीत सीलबंद झालेलं घेतलं होतं, म्हणजे ज्याला स्लॅब म्हणतात ते. लेबलवर ७०. ही १ ते ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. आता ती सगळ्याच नाण्यांना लावतात आणि ७० म्हणजे भिंगाखालीही निर्दोष. चार महिन्यांनी त्या निर्दोष नाण्यावर, सीलच्या आत, दुधाचा थेंब वाळल्यासारखा पांढुरका डाग उमटला. याला ‘मिल्क स्पॉट’ म्हणतात. छापण्याआधी चकत्या धुतात, त्या धुण्यातलं काहीतरी पृष्ठभागावर राहून जातं आणि पुढे कधीतरी वर येतं, असं साधारण मानलं जातं. तो डाग पुसून जात नाही. ज्या टाकसाळीचं नाणं होतं त्यांना लिहिलं; ‘नैसर्गिक बदल हमीत बसत नाहीत’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. हा त्रास खराच आहे याचा पुरावा हवा असेल तर कॅनडाच्या टाकसाळीकडे बघा. त्यांनी आपल्या मेपल लीफ नाण्यांसाठी २०१८ पासून हे डाग टाळण्यासाठी ‘मिंटशील्ड’ नावाची खास प्रक्रियाच सुरू केली.

आता किती पाडली, या सुरुवातीच्या आकड्याबद्दल. जाहिरातीत छापतात ती बहुतेकदा कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात किती विकली गेली ते नंतर कळतं, आणि खरं मिंटेज, म्हणजे पाडलेल्या नाण्यांची संख्या, तेच. शिवाय एकाच चित्राचं प्रूफ वेगळं, उलटं प्रूफ (चित्र चकचकीत, मोकळी जागा दुधाळ) वेगळं, रंगीत वेगळं, सोनेरी मुलाम्याचं वेगळं, दोन औंसाचं वेगळं, आणि प्रत्येक ‘मर्यादित’. सगळ्यांची बेरीज कोणी करून दाखवत नाही. प्रमाणपत्रावरचा क्रमांकही प्रमाणपत्राचाच. माझ्या एकाही नाण्यावर तो कोरलेला नाही, त्यामुळे कुठलाही कागद कुठल्याही नाण्याशी जोडता येतो. संख्या खरोखर कमी राहते ती बऱ्याचदा वेगळ्याच कारणाने. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट टाकसाळीचं १९९५ चं प्रूफ सिल्व्हर ईगल हे चांदीचं नाणं फक्त ३०,१२५ निघालं, कारण ते सुटं मिळत नव्हतं. चार सोन्याच्या नाण्यांसोबतचा अख्खा संच घ्यावा लागे, म्हणून चांदीवाले बहुतेक बाहेरच राहिले.

वजनाचा एक किस्सा राहिला. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, हे पाठ झाल्यावर मी प्रत्येक नाणं कॅप्सूल-बिप्सूल काढून काट्यावर ठेवायला लागलो होतो. चीनचं पांडा नाणं ठेवलं तर बरोबर ३० भरलं. रात्रभर झोप नाही, खोटं गळ्यात पडलं म्हणून. सकाळी वाचलं की २०१६ पासून पांडा औंसात नाही, ३० ग्रॅमचंच निघतं. नाण्याच्या कडेजवळ ‘३० ग्रॅम’ असं लिहिलेलंही आहे. ते वाचायचं सोडून मी काट्याला भिडलो होतो.

रंगीत नाणं एकच घेतलं, पुन्हा घेणार नाही. रंग वर छापलेला असतो आणि नाण्यापेक्षा स्टिकर पाहिल्यासारखं वाटतं. शिवाय मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचा नाण्यावर बसलेला चिकटा काढायला जे ॲसिटोन वापरतात, ते इथे रंगच घेऊन जाईल.

सहातलं मला सगळ्यात आवडतं ते अँटिक फिनिशचं, दोन औंसाचं, खोल उठावाचं. ते आधीच काळवंडवलेलं असतं, खाचांमध्ये काळोख आणि उंचवट्यांवर चांदी. टोनिंगची धास्ती नाही, शिंतोड्यांची फारशी नाही. फक्त पुसायचं नाही, कारण ती काळी पुटच तर त्याची शोभा आहे. कुणी पहिलं नाणं कोणतं घेऊ विचारलं तर मी प्रूफ नाही, हे अँटिक फिनिशचं घे म्हणून सांगतो.

आता स्लॅबमधलं सोडून सगळी नाणी कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल नेमक्या मापाच्या, कारण एक मिलिमीटर जरी ढिली असली तरी नाणं आत खुळखुळतं आणि कड घासते. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि गंधक शोषणारी पट्टी. पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटांना घरात थारा नाही. त्यांतून हिरवट चिकट थर उतरतो. असं ठेवायला लागल्याला नऊ महिने झाले, नवा डाग एकही नाही.

आणि त्या लाकडी पेट्या? सहाच्या सहा कपाटावर रिकाम्या रचून ठेवल्या आहेत. टाकताही येत नाहीत, कारण उद्या नाणं द्यायची वेळ आली तर घेणारा पहिला प्रश्न हाच विचारणार, “मूळ पेटी आहे ना?”