जांभळी नाक्यावरचं पावसाळी दुकान: उरलेला माल कोणता घ्यावा, कोणता नाही

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एक बॅगांचं दुकान आहे. मे संपता संपता तिथे छत्र्या, रेनकोट, पावसाळी चपला पुढे येतात. शिफारस करण्याचं मुख्य कारण हे की गेल्या वर्षीचा माल इथे नव्यात मिसळत नाहीत. तो वेगळ्या फळीवर, चिठ्ठी लावून, कमी दरात असतो.

खरेदीही सांभाळून. मुंबईकडे मोसमी पावसाची सरासरी तारीख 11 जून, पण ती दरवर्षी पाळली जातेच असं नाही. म्हणून अंदाजाच्या निम्माच माल आधी भरतात आणि बाकीचा पाऊस लागल्यावर मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून थोडा थोडा उचलतात. भाव चढा पडतो, पण माळ्यावर गठ्ठे उरत नाहीत. मुलांच्या रेनकोटांत मधले साइझ भराभर संपतात, टोकाचे पडून राहतात. तिथे सरसकट सेट न घेता साइझ मोजून सुटे घेतात, हे फार योग्य.

छत्री नीट ठेवली तर जुनी घ्यायला हरकत नाही. दाखवताना भिजलेली छत्री इथे उघडी वाळवूनच पिशवीत घालतात. ओली गुंडाळली की काड्यांचे सांधे गंजतात, कापडावर काळी बुरशी धरते. घेताना आठही काड्यांची टोकं ओढून पाहावीत.

रेनकोटात मात्र फरक करावा. पीव्हीसीचा रेनकोट पत्र्याखालच्या उन्हात घड्यांना चिकटतो. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून जातं, मग तो ताठ होऊन घडीवरच चिरतो. इथे घड्यांत शंखजिऱ्याची पूड टाकतात आणि वर वजन ठेवत नाहीत. कापडी रेनकोटाला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, लेप असेल तर तो दमट हवेत सुटतो. आतून बोट फिरवा: चिकट लागलं किंवा पापुद्रा निघाला तर कितीही स्वस्त असला तरी सोडा.

सगळ्यात जास्त फसगत पावसाळी सॅन्डलमध्ये होते. पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. दिसायला कोरा, आणि चार दिवसांत रस्त्यावर त्याचे तुकडे. ईव्हीएचे (हलक्या फोमसारख्या प्लास्टिकचे) सोल आणि पीव्हीसीचे गमबूट यांना हा रोग नाही. दुकानाची उणीव नेमकी इथेच आहे: सवलतीच्या टोपलीत दोन्ही प्रकारचे सोल एकत्र पडलेले असतात, खोकी नसतात, त्यामुळे निर्मितीचा महिना-वर्ष कळत नाही. खोकं मागावं. ते नसेल तर त्या टोपलीतून फक्त गमबूट घ्यावेत.

गणपतीनंतर पावसाळी माल मागे जातो, दिवाळीसाठी प्रवासी बॅगा पुढे येतात. छत्री सर्वांत स्वस्त त्या आठवड्यात मिळते, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ती लागतेही.