सेकंड लाइफमधलं हेल्थइन्फो आयलंड: जाऊन पाहिलं, तपासून पाहिलं

आधी निकाल सांगते, कारणं मागून. घरात कुणाला दीर्घकाळचा आजार असेल, इंग्रजी वाचता येत असेल आणि नवीन गोष्ट शिकायचा थोडा धीर असेल, तर सेकंड लाइफ या संगणकावरच्या आभासी जगातलं हेल्थइन्फो आयलंड, म्हणजे आरोग्याची माहिती देणारं बेट, जरूर बघा. नुसते तिथले फलक वाचायला मात्र जाऊ नका, तेवढ्यासाठी एवढा खटाटोप नको. तिथे जायचं ते माणसांशी बोलायला.

मी पुण्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना संदर्भ शोधून देणं हा माझा रोजचा उद्योग. पण पेशंटला किंवा त्याच्या नातेवाइकाला आमच्या काउंटरपर्यंत पोचताच येत नाही, ही गोष्ट मला कायम सलत आली आहे. बाहेर औषधाची चिठ्ठी हातात धरून बसलेली माणसं मोबाइलवर काय वाटेल ते वाचत असतात, आणि आत शिकलेले ग्रंथपाल बसलेले असतात. मुंबईत फोर्टमध्ये डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी सर्वसामान्यांसाठी 'हेल्प' हे आरोग्य-ग्रंथालय सुरू केलं, तेव्हा आमच्या क्षेत्रात त्याचं अप्रूप होतं ते याचमुळे. तसंच काहीतरी संगणकाच्या आभासी जगात आहे असं कळल्यावर मी जाणार हे ठरलेलंच होतं. सोबत माझी मावसबहीण होती. तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. थोडक्यात एमएस. पाय दमतात, बोटं कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत. बाहेर पडणं अवघड झाल्यापासून तिचा निम्मा दिवस ऑनलाइन ग्रुपांवर जातो.

ज्यांना सेकंड लाइफ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने 2003 मध्ये सुरू केलेलं हे त्रिमितीय जग आहे. गेम नाही, जिंकायचं-हरायचं काही नसतं. आपण आपला अवतार, म्हणजे पडद्यावरचं आपलं रूप, घ्यायचा, फिरायचं, बोलायचं, हवं तर घर बांधायचं. साधं खातं फुकट मिळतं आणि या बेटावर जायला एक पैसाही लागत नाही.

इथवर ग्रंथपाल कसे पोचले, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते. 2006 मध्ये इलिनॉय राज्यातल्या अलायन्स लायब्ररी सिस्टिमने सेकंड लाइफमध्ये 'इन्फो आयलंड' उभारलं. जगभरचे ग्रंथपाल आपापली नोकरी सांभाळून, रात्रीबेरात्री, तिथल्या काउंटरवर स्वयंसेवक म्हणून उभे राहायला लागले. 2007 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या अनुदानातून खास आरोग्यासाठी वेगळं बेट झालं, तेच हेल्थइन्फो आयलंड. अमेरिकेतल्या कॅरोल पेरीमन आणि नेदरलँड्समधले वैद्यकीय ग्रंथपाल गूस व्हान डेन ब्रेकेल यांनी त्या काळात यासाठी खूप कष्ट घेतले. पुढे दिवस फिरले. शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना जागेच्या भाड्यात मिळणारी सवलत बंद करत असल्याचं लिंडन लॅबने 2010 मध्ये जाहीर केलं आणि बऱ्याच संस्थांनी गाशा गुंडाळला. ती सवलत 2013 मध्ये परत आली, पण गेलेले सगळे काही परतले नाहीत. खुद्द अलायन्स लायब्ररी सिस्टिम 2011 मध्ये मोठ्या विभागीय संस्थेत विलीन झाली. तरी बेट टिकलं, कारण ते व्हर्च्युअल ॲबिलिटी या संस्थेने सांभाळलं. तिच्या संस्थापक ॲलिस क्रूगर यांना स्वतःला एमएस आहे. 2009 मध्ये लिंडन लॅबचं पहिलं पारितोषिक ज्यांना विभागून मिळालं, त्यांत ही संस्था होती.

आजारी आणि अपंग माणसांनी स्वतःसाठी चालवलेली जागा आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. वाटा रुंद, चढ सौम्य, पाट्यांची अक्षरं मोठी. नवख्यांना चालायला, बसायला, बोलायला शिकवणारा मार्ग अगदी सावकाश, एकेक पाऊल नेणारा आहे. माझ्या बहिणीने तो एका हाताने पूर्ण केला. कुणी घाई केली नाही. गप्पांमध्येही एक शिस्त पाळली जाते: समोरचा टाइप करत असेल तर थांबायचं. कुणाची बोटं हळू चालतात, कुणी बोलून टाइप करतं, कुणी काठीने एकेक अक्षर दाबतं. जाहीर व्याख्यान असेल तर बोललेलं सगळं लिहून दाखवायला स्वयंसेवक असतात, म्हणजे ऐकू न येणारेही सोबत राहतात. डोळ्यांनी दिसत नसेल तर रॅडेगास्ट नावाचा, चित्रांशिवाय फक्त मजकुरावर चालणारा प्रोग्रॅम वापरता येतो.

हेल्थइन्फो आयलंडवर आरोग्यविषयक फलक आहेत, संशोधनाची माहिती देणारी जागा आहे, आणि 'पाथ ऑफ सपोर्ट' नावाची एक वाट आहे. सेकंड लाइफमध्ये कोणत्या आजारासाठी कोणता आधारगट आहे, हे त्या वाटेवर लावलेलं असतं. बहिणीला सगळ्यात ती आवडली, कारण तिथे तिला माणसं शोधता आली. व्हर्च्युअल ॲबिलिटीच्याच केप सेरेनिटी या बेटावर अपंगत्व असलेल्या लेखकांच्या लेखनाचं ग्रंथालय आहे, तिथेही ती बराच वेळ रमली.

एक गोष्ट जायच्या आधीच लक्षात ठेवा. साध्या चॅटमध्ये लिहिलेलं आपल्या भोवतालच्या वीस मीटरमधल्या प्रत्येक अवतारापर्यंत पोचतं. बगिच्यातल्या बाकावर बसून आपलं दुखणं मोठ्याने सांगण्यासारखंच ते आहे. खासगी काही विचारायचं असेल तर आयएमची, म्हणजे दोघांपुरत्या खासगी संदेशाची, खिडकी उघडा. खरं नाव, गाव, रिपोर्टचा फोटो देण्याची काहीही गरज नसते आणि चांगला ग्रंथपाल ते मागतही नाही.

आता मुख्य गोष्ट. तिथल्या समुदायातच आम्हाला एक बाई भेटल्या. अमेरिकेतल्या, रुग्णालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. अवतार पांढऱ्या केसांचा, हातात काठी. बहिणीने त्यांना आयएमवर विचारलं, "व्हिटॅमिन डीने एमएस थांबतो का?" मी शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि मनात म्हणत होते, आता या दुवे पाठवतील. त्यांनी एकही दुवा पाठवला नाही. उलट विचारलं, "तुम्ही सुरू करायच्या विचारात आहात, की घेत आहात?" बहीण म्हणाली, घेतेय. "किती?" साठ हजार युनिट. "आठवड्याला?"

बहिणीची बोटं थांबली. मग तिने लिहिलं, रोज.

आपल्याकडे साठ हजार युनिटची पावडरची पाकिटं कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. डॉक्टर ती साधारण आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडे, अशी देतात. एका ग्रुपवर कुणीतरी बहिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं की एमएसवाल्यांनी रोज एक घ्यायचं. घरात मी ग्रंथपाल, आणि मला हे त्या खिडकीत वाचून कळत होतं.

बाईंनी 'तुम्ही चुकलात' म्हटलं नाही आणि 'बंद करा' असंही म्हटलं नाही. औषध बंद-चालू करायला सांगणं हे ग्रंथपालाचं काम नाही, ही रेघ त्यांनी शेवटपर्यंत पाळली. त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या आहारपूरकांच्या विभागाचं पान उघडून दिलं आणि त्यातला नेमका परिच्छेद सांगितला: प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा 4,000 युनिट, डॉक्टरांनी उपचारासाठी वेगळं सांगितलं असेल तर गोष्ट निराळी, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, खूप तहान, वारंवार लघवी, अशक्तपणा, आणि फार वाढलं तर मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत. मग लिहिलं, "पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा तुमच्या डॉक्टरांना वाचून दाखवा, उद्या सकाळीच. आज रात्री उलट्या झाल्या किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट बघू नका."

एवढं झाल्यावरच त्या मूळ प्रश्नाकडे वळल्या. आधी कॉक्रन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2018 चा आढावा दाखवला. एमएसच्या रुग्णांना व्हिटॅमिन डीचा फायदा त्यात दिसला नव्हता, पण हाताशी असलेला पुरावा फार कमकुवत आहे असंही त्यातच म्हटलं होतं. नंतर 2025 चा फ्रान्समधला अभ्यास. एमएसची अगदी पहिली चाहूल लागलेल्या, इतर औषध सुरू न केलेल्या रुग्णांना दर दोन आठवड्यांनी एक लाख युनिट, अशी दोन वर्षं. त्यांच्यात आजाराची हालचाल कमी दिसली. बहीण हरखली. "म्हणजे ग्रुपवरचे बरोबर होते!" बाईंनी तिलाच हिशोब करायला लावला. रोज साठ हजार म्हणजे दोन आठवड्यांत आठ लाख चाळीस हजार. अभ्यासातल्या मात्रेच्या आठपटीहून जास्त. शिवाय तिचा आजार जुना, औषधं सुरू, आणि अभ्यासातली माणसं पहिल्या पायरीवरची, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मला यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे की त्यांनी तिची आशा खोडून काढली नाही. अनुकूल अभ्यास लपवला असता तर तो ग्रुपवर कुणीतरी दुसऱ्या दिवशी टाकलाच असता, आणि बहिणीचा आम्हा सगळ्यांवरचा विश्वास उडाला असता. दोन्ही बाजू ठेवल्या, त्यांतला फरक तिच्याकडूनच काढून घेतला. सकाळी न्यूरॉलॉजिस्टकडे फोन झाला, कॅल्शियमची तपासणी झाली, रोजची पाकिटं डॉक्टरांनी बंद केली. पुढचं त्यांचं त्या दोघांत चाललं आहे.

आमच्या क्षेत्रात याला संदर्भ-संवाद म्हणतात. वाचक पहिला विचारतो तो त्याचा खरा प्रश्न क्वचितच असतो, हे आम्हाला एम.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात, शिकवतात. पण काउंटरवर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, माणूस अडखळला की कळतं. इथे यातलं काहीच नाही. थांबलेल्या बोटांवरून ओळखायचं. त्या बाईंनी ते ओळखलं आणि 'किती?' नंतर लगेच 'आठवड्याला?' विचारलं, त्यामागे आयुष्यभराची नोकरी होती. शोधयंत्राला विचारलं असतं तर त्याने बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं असतं, आणि पाकीट रोज फुटतंय हे कुणालाच कळलं नसतं.

आता उणी बाजू, आणि ती हलकी नाही. सगळं इंग्रजीत. मराठीच काय, हिंदीतही बोलायला मला कुणी भेटलं नाही. वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या. तिथले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. एमएसच्या थकलेल्या माणसाला ही वेळ सोयीची नाही. माहिती अमेरिकेची: विमा तिथला, औषधांची नावं तिथली, साठ हजारांचं पाकीट ही खास आपली गोष्ट त्यांना समजावूनच सांगावी लागते. आणि संगणक बरा लागतो. बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर अवतार पावलापावलाला अडकत होता. चित्रांचा दर्जा अगदी खाली आणल्यावर जमलं. काउंटरवर चोवीस तास कुणी बसलेलं असेल अशी अपेक्षाही ठेवू नका. नुसतीच माहिती हवी असेल तर मेडलाइनप्लस ही वेबसाइट आहे. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच 1998 पासून ते चालवते, जाहिराती नाहीत, भाषा सोपी, साध्या मोबाइलवर उघडतं. आणि एमएससाठी आपल्याकडे मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करते, पुण्यातही तिची शाखा आहे. तिथली माणसं मराठीत बोलतात.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापला तो भाषा आणि वेळेसाठी. पण तो त्यांनी भरून काढायचा नाही, आपण भरून काढायचा आहे. राज्यात एवढी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, प्रत्येकात ग्रंथपाल आहेत. मधुमेहाच्या, डायलिसिसच्या, कर्करोगाच्या पेशंटांचे मराठी ग्रुप शेकड्यांनी असतील आणि त्यांत बहुतेक ठिकाणी सगळ्यात ठाम आवाज असतो तो काहीतरी विकणाऱ्याचा. एकेका ग्रुपवर एकेक शिकलेला ग्रंथपाल असावा, आपली ओळख लपवू नये, उपचार सांगू नयेत, विचारेल त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत आणि मग विश्वासाचं पान उघडून द्यावं. यासाठी त्रिमितीय बेटाची गरज नाही. एम.लिब. करणाऱ्या मुलामुलींना मी आता हेच करिअर म्हणून सांगते; अमेरिकेत मेडिकल लायब्ररी असोसिएशन सर्वसामान्यांच्या आरोग्य-माहितीसाठी ग्रंथपालांना वेगळं प्रमाणपत्र देते, तो अभ्यासक्रम बघून ठेवा.

जाणाऱ्यांसाठी: व्ह्यूअर, म्हणजे सेकंड लाइफ चालवणारा प्रोग्रॅम, आधीच उतरवून ठेवा, चित्रांचा दर्जा सुरुवातीलाच कमी करा. व्हर्च्युअल ॲबिलिटीच्या शिकाऊ मार्गाने आत शिरा, थेट हेल्थइन्फो आयलंडला टेलिपोर्ट करू नका, नाहीतर दाराशीच गोंधळून जाल. घेत असलेल्या औषधांची यादी, मात्रेसकट आणि दिवसातून किती वेळा ते लिहून, हाताशी ठेवा. 'हे चांगलं का?' असं विचारण्याआधी 'मी हे घेतोय' असं सांगा.