विमानांच्या फोटोंसाठी जुनी लेन्स घेताय? आधी हे वाचा

विमानांचे फोटो काढायचा नाद लागला की कधी ना कधी मोठ्या लेन्सचा विषय निघतोच. कॅमेऱ्यासोबत आलेल्या ५५-२५० मिमीच्या लेन्सने विमान कुठलं ते कळतं, पण दाराजवळची बारीक अक्षरं, चाकांजवळच्या नळ्या, खिडक्यांच्या कडा यांचा नुसता लगदा होतो. मग १००-४०० किंवा १५०-६०० चे भाव बघणं सुरू होतं, आणि नवीचा भाव परवडत नाही म्हणून आपण जुनी शोधू लागतो. याच टप्प्यावर मला व्यवस्थित फसवलं गेलं. ज्या तऱ्हेने फसवलं ती विमानं टिपणाऱ्यांवर हमखास चालते. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला असा माल देऊन कोणी पचवू शकणार नाही. म्हणून सगळं तपशिलात लिहितोय, लांबलं तरी चालेल.

२०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईच्या उपनगरात राहत्या घरातून वापरलेले कॅमेरे आणि लेन्स विकणारा एक व्यापारी. जाहिरातीत कॅननची १००-४००, दुसरी आवृत्ती. ही लेन्स मुळात फार चांगली. २०१४ साली आली तेव्हापासून विमानांच्या फोटोंसाठी कितीतरी जण ती वापरतात. सौदा ८२ हजारांना ठरला. हा भाव त्या वेळी बाजारात चालूच होता, संशय यावा इतका स्वस्त नव्हता. नमुना म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले: जरीमरीच्या डोक्यावरून उतरणारं एमिरेट्सचं ए-३८०, जुहूच्या किनाऱ्यावरून वर चढणारं इंडिगो. दोन्ही फोटो इतके कडक की पंखांवरचे रिव्हेट मोजून घ्यावेत.

घरी गेलो तेव्हा त्याने लेन्स स्वतःच माझ्या सेव्हन-डी मार्क टू कॅमेऱ्यावर चढवली. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, मधला फोकस पॉइंट, क्लिक, आणि लगेच स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. तारखेचे आकडे खणखणीत. पुढची काच दिव्याखाली धरली, एक ओरखडा नाही. खोका, हूड, पिशवी, सगळं जागच्या जागी. पावती मात्र साध्या कागदावर शिक्का मारून दिली, जीएसटी क्रमांक नसलेली. निम्मे पैसे यूपीआयने घेतले तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावर, उरलेले रोख.

कॅलेंडर त्याने मुद्दाम चौकटीच्या मधोमध घेतलं होतं. या लेन्सचा मध्य ठीकच होता, सडलेली होती ती डावी बाजू. कॅलेंडरच्या डावीकडे कोरी भिंत. कोऱ्या भिंतीवर काय दिसणार? आणि विमान ही अशी वस्तू आहे की ती चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत भरते. नाक एका कडेला, शेपटी दुसऱ्या कडेला. पोर्ट्रेटमध्ये कडा धूसरच असतात, तिथे हा दोष वर्षभर लपून राहील. विमानाच्या फोटोत तो पहिल्याच दिवशी दिसतो. दिसतो, पण ओळखू येत नाही, आणि याच फटीत हा माणूस धंदा करत होता.

पहिल्या फोटोंत शेपटीवरचं चिन्ह स्वच्छ आणि वैमानिकाच्या खिडक्या मऊ, असं दिसल्यावर मी फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं. “साहेब, हीट हेझ. मुंबईत दुपारी शार्प येणारच नाही.” हे बोलणं खोटं आहे असं म्हणता येत नाही. कुर्ला-घाटकोपरच्या पत्र्यांवरून तापलेली हवा वर चढते, तिची घनता जागोजागी वेगळी, प्रकाश वाकडातिकडा होऊन येतो आणि लेन्स कितीही भारी असली तरी फोटोत लाटा उठतात. जेवढं अंतर जास्त तेवढा त्रास जास्त. त्यावर उपाय सकाळी लवकर जाणं आणि विमान जवळ येऊ देणं, एवढेच. आपल्याला हे ठाऊक असतं, म्हणून आपण मान डोलावतो.

सकाळी लवकर काढलेल्या फोटोंतही तेच दिसलं तेव्हा दोष माझ्या फिल्टरवर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावलेल्या काचेवर, गेला. “काढून टाका तो, मी ७७ मिमीचा चांगला देतो.” त्याचे वेगळे पैसे. त्यानंतर कारण निघालं फोकस जुळत नसल्याचं. “बॉडी आणि लेन्सचं कॅलिब्रेशन करावं लागतं, आमच्याकडे होतं.” त्याचेही पैसे. नंतर सल्ला आला की शटर कायम १/४००० सेकंदावर ठेवा, तुमचा हात हलतो. हा तर सरळ वाईट सल्ला. जेट विमानाला १/१००० च्या आसपास पुरतं, आणि एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला १/४००० लावलं की सहाही पाती थिजून बसतात, विमान दोरीने टांगलेलं वाटतं. पंखा फिरताना दिसायचा तर १/१६० पर्यंत खाली यावं लागतं. वर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, चढून दाणे येतात ते निराळंच.

प्रत्येक तक्रारीला खरं वाटणारं कारण, आणि बहुतेक कारणासोबत विकायला एक नवी वस्तू. लेन्स परत घेण्याचा विषय काढला की तो पुढच्या कारणावर जायचा.

या सगळ्यात २२ एप्रिल आला. एअर इंडियाचं शेवटचं ७४७ (नोंदणी क्रमांक व्हीटी-ईव्हीए) त्या सकाळी मुंबईहून कायमचं निघालं. अमेरिकेत नेऊन त्याचे सुटे भाग काढायचे होते. उड्डाणानंतर वैमानिकाने पंख एकदा इकडे, एकदा तिकडे झुकवून निरोप दिला, तो अनेकांनी पाहिला असेल. लहानपणी ज्या विमानाकडे बघून हा नाद लागला ते विमान पुन्हा इथे दिसणार नव्हतं. ते माझ्या डावीकडे तोंड करून गेलं. घरी येऊन फोटो शंभर टक्क्यांवर उघडला. शेपटीवरची अक्षरं कोरल्यासारखी, मागच्या खिडक्या एकेक करून मोजता येत होत्या. पुढे पुढे सरकलं की पंखाच्या मुळापासून काहीतरी बिघडायला लागतं, आणि सातशेसत्तेचाळीसची ओळख असलेला तो वरच्या मजल्याचा उंचवटा, त्यावरच्या कॉकपिटच्या काचा, सगळं दुधात बुडवल्यासारखं. ८२ हजार एक वेळ उभे करता येतात. तो फोटो पुन्हा काढता येत नाही. त्या माणसाबद्दल माझा खरा राग आहे तो इथे आहे.

त्यालाही तो फोटो पाठवला. त्याने एआयच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून काढून ‘सुधारलेला’ परत पाठवला आणि लिहिलं, “बघा, लेन्समध्ये डिटेल आहेच.” मोबाइलवर पाहिला तर छान वाटला. संगणकावर उघडल्यावर दिसलं की कॉकपिटच्या काचांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत, नाकाजवळच्या दाराची कड मध्येच विरून गेलीय, आणि नाकाकडची जी बारीक अक्षरं मूळ फोटोत वाचताच येत नव्हती तिथे कुठल्याही लिपीत नसलेली अक्षरं उगवलीत. सॉफ्टवेअरने नाहीत ते तपशील रचून घातले होते. विमानाच्या फोटोत हे चालत नाही. त्याची किंमत नोंदीची असते: कोणतं विमान, कोणता रंग, त्या दिवशी त्यावर काय लिहिलेलं होतं. फोटो तपासून घेणारे संग्रह असा फोटो नाकारतात आणि बरोबर करतात.

त्याच्याशी फोनवर वाद घालणं मी तिथेच थांबवलं आणि सोसायटीच्या विटांच्या भिंतीसमोर तिकाटणं लावलं. ही तपासणी फुकट आहे, घेण्याआधी विक्रेत्याच्या दारातही होते, म्हणून नीट सांगतो. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर. लेन्स ४०० वर, ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं, म्हणजे या लेन्सला एफ/५.६. स्टॅबिलायझर बंद, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून), दोन सेकंदांचा टायमर. एक फोटो काढायचा, मग कॅमेरा लेन्ससकट उलटा करून दुसरा. माझ्या पहिल्या फोटोत भिंतीच्या डावीकडच्या विटा मऊ होत्या. कॅमेरा उलटा केल्यावर फोटोतली डावी बाजूच मऊ राहिली, पण आता तिथे भिंतीच्या उजवीकडच्या विटा होत्या. म्हणजे भिंत तिरकी नव्हती, हवेचाही संबंध नव्हता. काच जागेवर नव्हती. ॲपर्चर लहान करून एफ/११ वर नेल्यावर थोडं सुधारलं, पूर्ण गेलं नाही.

यातून जी खूण कळली ती मला आधी कुणी सांगायला हवी होती. हवेच्या लाटा प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात. सेकंदाला १० फ्रेमचा झोत मारला तर पहिल्यात नाक वितळलेलं दिसेल, चौथ्यात शेपटी. हात हलला तर सगळं विमान एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं. फोकस चुकला तर सगळंच विमान सारखं मऊ होतं. कॅलिब्रेशनने फोकसचा अख्खा पडदा पुढे-मागे सरकतो, एक बाजू सुधारत नाही. दर फोटोत चौकटीचा तोच कोपरा बिघडत असेल तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे.

मग लेन्स अंधारात नेली, ॲपर्चर उघडं ठेवून मागून छोटी एलईडी बॅटरी तिरकी मारली. दिव्याखाली पुढून चकाचक दिसणाऱ्या लेन्सच्या आत एका काचेच्या कडेने पांढुरका ढग होता. माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडते त्या) पट्टीवरच्या स्क्रूंच्या डोक्यांवरचा काळा रंग उडून धातू चमकत होता. दुरुस्ती केंद्रातून लेखी अहवाल घेतला: लेन्स बाहेर कुठेतरी उघडली गेली आहे, बुरशी पुसताना काचेवरचा लेप खरवडला गेलाय, आणि जोडताना एक काच तिरकी बसलीय. मुंबईची दमट हवा पाहता बुरशी लागणं नवल नाही. दमटपणा ४०-५० टक्क्यांच्या आसपास राहील अशा पेटीत लेन्स न ठेवणाऱ्या कुणाचीही लेन्स इथे एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते. ती पुसून, न सांगता, “एकदम मिंट” (नव्यासारखी) म्हणून विकणं ही फसवणूक.

खोक्यावरचा क्रमांक आणि लेन्सवरचा क्रमांक वेगळे आहेत हेही त्याच दिवशी पाहिलं. आणि नमुन्याचे ते फोटो? आमच्या स्पॉटिंगच्या (विमानं टिपणाऱ्यांच्या) गटात टाकल्यावर एकाने लगेच ओळखलं. ए-३८० चा फोटो त्याचाच, निराळ्याच लेन्सने काढलेला. खालची नावाची पट्टी कापून टाकलेली. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की कॅमेरा-लेन्सची माहिती गळून जाते, त्यामुळे मला मिळालेल्या फाइलमध्ये काहीच उरलेलं नव्हतं. विक्रेत्याकडे मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा. अनेक नव्या लेन्सांचा क्रमांकही त्या माहितीत नोंदला जातो, तो लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. द्यायला कां-कूं करत असेल तर उठा.

हे सगळं समोर ठेवल्यावर त्याचा सूर बदलला. “पोलिसात जा, पण एअरपोर्टजवळ काय करत होतात ते आधी त्यांना सांगा.” या धमकीला आपल्यातले बरेच जण घाबरतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विमान नियम, १९३७ मधला तेरावा नियम विमानतळाच्या आतून आणि उडत्या विमानातून फोटो काढण्याबद्दल आहे. मी सार्वजनिक रस्त्यावरून आणि किनाऱ्यावरून प्रवासी विमानं टिपत होतो. पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं दाबोळी हे संरक्षण दलांचे तळ आहेत, तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, हे वेगळं. पण सहार-जुहूचा बाऊ करून कुणी तुमची तक्रार दाबू पाहत असेल तर दबू नका.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. विकणारा नियमित धंदा करतो हे दाखवावं लागतं. त्याच्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तिथे कामाला आले. हौशी माणसाने स्वतःची एकच लेन्स विकली असेल तर हा रस्ता अवघड होतो. पोलिसांकडच्या अर्जात माझं कलम भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ४२० आहे, कारण व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा. त्यानंतरच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं.

नोटीस मिळाल्यावर तो लेन्स निम्म्या किमतीत परत घ्यायला तयार झाला. मी दिली नाही. त्याच्या हातात गेली की आठवड्याभरात ती पुन्हा कॅलेंडरसमोर उभी राहील. प्रकरण अजून चालू आहे, लेन्स अहवालासह माझ्याकडेच आहे. तुमच्यापैकी कुणी अशाच तऱ्हेने, “हीट हेझ आहे साहेब” ऐकत बसलेलं असेल, तर आज विटांची भिंत गाठा, आणि त्याच्याशी झालेल्या गप्पा व यूपीआयची पावती पुसू नका.