ड्रेनेज लाइन बघायचा कॅमेरा: काही महिने वापरल्यावर

ड्रेनेजचा कॅमेरा घेतलाय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "दिसतं कसं?" चांगलं दिसतं. पण इतके महिने वापरून माझं मत असं झालंय की बिघाड दिसण्यापेक्षा तो नेमका कुठे आहे हे कळण्याला जास्त किंमत आहे. स्वस्त आणि बऱ्या कॅमेऱ्यातला फरकही तिथेच कळतो. जाहिरातीत मात्र सगळा भर १०८०पी चित्रावर.

माझ्याकडचा मधल्या दर्जाचा आहे. २३ मिमी व्यासाचं स्टीलचं डोकं, समोर सफायरची काच, काचेभोवती एलईडी, मागे लवचिक स्प्रिंग आणि त्याला जोडलेली ३० मीटर फायबरग्लासची ताठ केबल. केबल रिळावर असते आणि हाताने ढकलायची. मोबाइलला जोडायचे एंडोस्कोप या कामाचे नव्हेत. त्यांची वायर मऊ असते. सिंकखालच्या पाईपात डोकावायला ठीक, पण चार इंची लाइनमध्ये एखाद-दुसऱ्या बेंडलाच वायर जागच्या जागी गोळा होते आणि डोकं पुढे सरकत नाही.

आमची लाइन घरातून निघताना पीव्हीसीची आणि पुढे जुन्या स्टोनवेअरची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पाईपांची. तुंबायची, प्लंबर स्प्रिंग (चोकअप फोडायची लांब गुंडाळीची तार) मारायचा, सुटायची, आणि थोड्या महिन्यांनी पुन्हा तेच रडगाणं. स्प्रिंग चोकअपमधून भोक पाडते. चोकअप तिथेच का होतो, हे तिला विचारून उपयोग नाही. कॅमेरा घातल्यावर पहिल्यांदा कळलं की एक नव्हे, तीन भानगडी आहेत.

पहिली पीव्हीसी आणि स्टोनवेअरच्या जोडावर. दोन्ही पाईपांचे तळ एका रेषेत नव्हते आणि पुढच्या पाईपची कड आत पायरीसारखी वर आली होती. त्या कडेवर कागदाचा लगदा, वाईप्सच्या चिंध्या, केस, सगळं अडकून बसलेलं. दुसरी थोडी पुढे, मुळांची. स्टोनवेअरच्या जोडातून वरून आणि बाजूने बारीक तंतू आत लोंबत होते, फणीत अडकलेल्या केसांसारखे, आणि त्यांच्या टोकाला तेलकट गाळ चिकटलेला. मुळं कापता येतात, पण जोड उघडा राहिला तर ती परत येणारच.

तिसरी भानगड ओळखायला वेळ लागला. एका ठिकाणी कॅमेरा पाण्याखाली गेला. चित्र हिरवट-करडं, गढूळ, काही दिसेना. आता हे पाणी पुढच्या चोकअपमुळे साठलंय, की पाईपच खाली बसलाय? पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखंच दिसतं. फरक असा कळला: लाइन पूर्ण मोकळी केली, घरातलं पाणी बराच वेळ बंद ठेवलं आणि मग कॅमेरा घातला. चोकअपचं पाणी असतं तर निघून गेलं असतं. आमचं तिथेच होतं. कॅमेरा पाण्यात बुडाला तिथला आणि पलीकडे बाहेर आला तिथला आकडा टिपला. मधलं अंतर जवळपास दीड मीटर. तेवढा पाईप जमिनीत खचलाय. १:४० उतारावर १२ मीटरच्या लाइनला एकूण ३० सेंटिमीटरचाच ढाळ मिळतो, त्यामुळे मध्येच तळ थोडासा बसला तरी तिथे पाणी थांबतं आणि गाळ धरायला लागतो. मात्र किती सेंटिमीटर बसलाय हे साधा कॅमेरा सांगत नाही. कोणी नुसतं फुटेज बघून "ढाळ कमी आहे, सगळी लाइन बदला" म्हणालं, तर ढाळ कशाने मोजला ते आधी विचारा.

आता आकड्याविषयी, कारण इथेच बहुतेकांचं खोदकाम चुकतं. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे मीटर म्हणजे रिळातून सुटलेली केबल. डोकं तितकंच पुढे गेलंय असं नाही. ढकलताना केबल पाईपात नागमोडी होते, त्यामुळे जाताना आकडा जास्त येतो. मी बिघाडाच्या थोडी पुढे जाते आणि मागे खेचताना, केबल ताणलेली असताना, आकडा लिहून घेते. जाताना आणि येताना सहज अर्ध्या मीटरचा फरक पडतो.

तेवढ्यावरही खोदू नये. डोक्याच्या मागे ५१२ हर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर असतो आणि जमिनीवरून लोकेटर फिरवून त्याची जागा पकडता येते. इतकी कमी फ्रिक्वेन्सी ठेवण्याचं कारण, ती बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाईपातूनही बाहेर येते. लोकेटर वापरायला सोपा आहे पण फसवतो. बरोबर वर आलात की सिग्नल सर्वांत जोरात, पुढे-मागे सरकलात की एकदम पडतो, आणि आणखी थोडं गेलात की पुन्हा चढतो. तो दुसरा चढ खोटा असतो. दोन्ही बाजूंना असे खोटे चढ मिळाले आणि त्यांच्या मधोमध मोठा मिळाला, तरच जागा पक्की समजा. जमिनीत सळईची जाळी असेल तर वाचन बिघडतं, तेव्हा दोन-तीनदा तपासा. आम्ही खडूने फुली मारली, तेवढंच उकरलं आणि जोड हाताला लागला. सगळं अंगण खणायचं वाचलं. माझ्या लेखी कॅमेऱ्याचे पैसे तिथेच वसूल झाले.

सेल्फ-लेव्हलिंग डोकं, म्हणजे केबल कशीही फिरली तरी चित्र सरळ ठेवणारं, घ्याच. ते नसेल तर केबल पिळली की चित्र गोल फिरतं, आणि कोरड्या पाईपात वर कुठे नि खाली कुठे ते कळत नाही. तडा माथ्यावर आहे की तळाला, यावर दुरुस्ती ठरते. व्यावसायिक अहवालात ही जागा घड्याळाच्या आकड्यांनी लिहितात: १२ म्हणजे माथा, ६ म्हणजे तळ. ती पद्धत मीही उचलली.

उजेडाचं बटण मात्र डोक्याला ताप. पांढऱ्या पीव्हीसीत पूर्ण उजेड ठेवला की सगळं पांढरंफटक, जोडसुद्धा दिसत नाहीत. गंजलेल्या बीडात पूर्ण उजेडही कमी पडतो. लाइनमध्ये पाईप बदलला की उजेड बदलायचा. पडदा उन्हात निरुपयोगी, डोक्यावर टॉवेल घेऊन बघावं लागतं. काचेला तेलकट गाळ लागला की पुढचं सगळं धुरकट, म्हणून आधी काचेवर भांड्यांच्या साबणाचा पातळ हात फिरवते आणि घरातून कुणाला तरी थोडं थोडं पाणी सोडायला सांगते. पूर्ण तुंबलेल्या लाइनमध्ये तर कॅमेरा घालूच नये. आधी मोकळी करा, मग बघा. आणि स्प्रिंग मशीन चालू असताना कॅमेरा आत नको, दोन्ही एकमेकांत गुंतले की डोकं गेलंच.

बेंडबाबत अपेक्षा आवरत्या ठेवा. सैल वळणं तो सहज घेतो, पण पाठोपाठ दोन काटकोनी एल्बो आले की अडकतो. जोर लावला तर फायबरग्लास मोडतं. कमोडमधून घालायचा तर विचारच सोडा, चेंबरमधून किंवा क्लीनआउटमधून (लाइन साफ करायला ठेवलेल्या झाकणाच्या तोंडातून) घाला. चेंबरचं झाकण काढल्यावर थोडा वेळ थांबायचं आणि आपलं डोकं आत घालायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोड्या वेळाने नाकाला येईनासा होतो, गॅस मात्र तिथेच असतो. लाइनमध्ये नुकतंच ॲसिड किंवा कॉस्टिक ओतलं असेल तर त्या दिवशी काम नको, ओली केबल हातातूनच परत येते.

धुण्याचं काम विकणारा कधी सांगत नाही. सगळी केबल जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्यातून ओढत परत गुंडाळायची, हातमोजे घालूनच. घाई केली की रीळ वास मारतं आणि मग घरात ठेवायला कोणी देत नाही.

एकदाच तपासणी करायची असेल तर विकत घेऊ नका, कॅमेरावाल्यालाच बोलवा. पण नुसते फोटो घेऊन त्याला सोडू नका. सुरुवातीच्या चेंबरपासून शेवटच्या चेंबरपर्यंत अखंड रेकॉर्डिंग, पडद्यावर मीटर दिसतील असं, आणि मागे खेचतानाचंही मागा. दुरुस्ती झाल्यावर तीच लाइन त्याच बाजूने पुन्हा रेकॉर्ड करून घ्या. आमच्याकडे जोडाची पायरी गेलेली त्या दुसऱ्या फुटेजमध्ये दिसली. खचलेला भाग अजून तसाच आहे, पुढच्या खोदकामात तो घेणार आहोत.