अर्थिंगच्या पट्टीचा दोष आणि माझे २२,४०० रुपये

गेल्या जुलैत, सत्तरी ओलांडलेल्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रत्नागिरीहून कोल्हापूरला नेत असताना, आंबा घाट चढून वर आल्यावर आम्ही चहाला थांबलो आणि निघताना गाडीचा सेल्फ लागेना. किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकदाच ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे काहीच घडत नसे. हेडलाइट मात्र लख्ख होते; किल्ली फिरवतानाही ते मंदावत नव्हते. बॅटरी खरोखर उतरली असती तर ते विझू लागले असते.

टपरीवाल्याने बोलावलेल्या मेकॅनिकने आपल्या गाडीच्या बॅटरीवरून जम्पर केबल, म्हणजे वीज उसनी देणारी तार, लावली, तिचा काळा चिमटा आमच्या इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवला, आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. बंद करून केबलशिवाय पाहिले, तर पुन्हा तेच ‘टक्’. बॅटरी मेली आहे, असे सांगून त्याने गाडी पुन्हा सुरू करून आपल्या गॅरेजमध्ये नेली आणि ५,४०० रुपयांची नवी बॅटरी बसवली. माझी बॅटरी अवघी चौदा महिन्यांची होती, तिचे वॉरंटी कार्ड घरी होते, आणि त्या माणसाने एकदाही तिला मीटर लावला नव्हता.

नव्या बॅटरीवरही ‘टक्’ एवढेच झाले. तो क्षण आठवला की आजही हात थरथरतात. नवीकोरी बॅटरी असूनही सेल्फ फिरत नसेल, तर पहिले निदान चुकले हे उघड होते. मी तिथेच ‘माझी बॅटरी परत बसवा’ असे म्हणायला हवे होते. त्याऐवजी, ‘मग स्टार्टरच गेला, साहेब’ हे त्याचे वाक्य मी मान्य केले. बाहेर पाऊस कोसळत होता, अंधार पडला होता, आई गाडीत कुडकुडत बसली होती. गाडी धक्का मारूनही सुरू झाली असती, हे मला ठाऊक होते. पण घाटात पुन्हा बंद पडली तर काय करायचे, हा विचार त्या परिस्थितीत कोणत्याही मुलाने केला असता. त्याने स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटार, खोलून तिच्यातले झिजलेले कार्बन (वीज पोचवणारे ब्रश) दाखवले आणि मी मान डोलावली. ते कार्बन माझ्याच स्टार्टरचे होते की नाही, हे मी पाहिलेसुद्धा नाही. काढलेला भाग तुमच्या डोळ्यांसमोर खोलला गेला नसेल, तर तो तुमचा समजू नका.

स्टार्टरचे ११,८००, ‘वायरिंग’चे २,५००, मजुरी १,५०० आणि येण्याचे १,२०० धरून एकूण २२,४०० रुपये मी यूपीआयने एका खासगी क्रमांकावर भरले. हातात आली ती वहीच्या पानावरची चिठ्ठी. पक्के बिल मागितल्यावर ‘जीएसटी वेगळा पडेल’ असे उत्तर मिळाले.

नवव्या दिवशी घराच्या अंगणात गाडीने पुन्हा ‘टक्’ केले. आमच्या आळीतल्या वायरमनने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनवर धरली व मला सेल्फ मारायला सांगितले. जिथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये, तिथे ६ व्होल्टच्या वर आकडा गेला. बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या, इंजिनमधली वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट त्याने काढला, तेव्हा तांब्याच्या तारांवर हिरवट पांढरी भुकटी साचलेली होती आणि निम्म्या तारा तुटलेल्या होत्या. नवी पट्टी ३५० रुपये, मजुरी २०० रुपये. स्टार्टर काढघाल करताना तोच बोल्ट हलला आणि तात्पुरता जोड मिळाला, म्हणून गाडी नऊ दिवस चालली. ‘नव्या’ स्टार्टरवरचा चंदेरी रंग वायरमनने नखाने खरवडला. खाली जुना गंज होता. जम्परचा चिमटा थेट इंजिनवर लागून ही पट्टी टाळली जाताच गाडी सुरू झाली, तेव्हाच त्या मेकॅनिकला दोष कळला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तक्रारीसाठी मी दोनदा घाट चढून पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्या दिवशी, मी स्वखुशीने पैसे दिले असून ही दिवाणी बाब आहे, असे सांगून अर्जाची पोचसुद्धा नाकारण्यात आली. गाडीच्या कंपनीने अधिकृत गॅरेज नसल्याचे कारण पुढे करून फोन ठेवला. एका सरकारी कचेरीत मला तीन टेबले फिरवण्यात आले आणि शेवटच्या टेबलावरच्या माणसाने, शिकलेला माणूस असून मी फसलोच कसा, हे मलाच विचारले. फसवणाऱ्याला एकानेही एक प्रश्न विचारला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, एवढे तरी यांपैकी कोणी सांगायला हवे होते. ते मला शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी सांगितले.

मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो गाडीत ठेवा. विश्रांतीत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल आणि सेल्फ मारतानाही तो आकडा फारसा खाली येत नसेल, तर कोणालाही बॅटरी बदलू देऊ नका; आधी टर्मिनल (बॅटरीची टोके), अर्थिंग आणि रिले (सेल्फला वीज सोडणारा स्विच) तपासायला लावा. मी आता चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि मीटरच्या आकड्याचा फोटो जोडून तक्रार दाखल केली आहे. माझी जुनी बॅटरी आणि स्टार्टर मागायला फोन केला, तेव्हा दोन्ही भंगारात गेल्याचे मला सांगण्यात आले.