स्वरतंतूवरचा पॉलिप: थेट शस्त्रक्रिया की आधी थेरपी?

घशात दुर्बीण गेली, पडद्यावर गाठ दिसली, ती साधीच वाटते असं डॉक्टर म्हणाले आणि वर म्हणाले, "दोन्ही मार्ग आहेत, तुम्ही ठरवा." इथवर येऊन जे अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. दीड वर्षापूर्वी त्याच खुर्चीत मी बसलो होतो. पेशा शिक्षकाचा, उजव्या स्वरतंतूवर छोटासा पॉलिप, म्हणजे मऊ, साधी गाठ, आणि तिसऱ्या तासाला आवाज असा चिरकायचा की मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

काहींना मुळात निवड नसतेच, ते आधी सांगून टाकतो. दोन्ही तंतूंवर अगदी समोरासमोर नोड्यूल असतील तर सुरुवात थेरपीनेच होते, म्हणजे आवाजाचे व्यायाम आणि बोलायच्या सवयी बदलणं. ते घासून घासून पडलेले घट्टे. कापून काढले आणि बोलायची तऱ्हा तीच ठेवली तर पुन्हा उगवतात. सिस्टचं उलटं. ती तंतूच्या आवरणाखाली दडलेली पिशवी असते, व्यायामाने जिरत नाही. आवाजाला फारच नडत असेल तर काढावी लागते. आणि पांढरा चट्टा किंवा कसलाही संशय असेल, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याला, तर तुकडा तपासायला पाठवायचा, तिथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही. खरा पेच आमच्यासारख्यांचा: पॉलिप एकाच बाजूला, लहान, फार जुना नाही.

शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पूर्ण भूल देतात, तोंडातून नळी घालून सूक्ष्मदर्शकाखाली काम चालतं, बाहेरून एक टाका नाही, पुष्कळदा त्याच दिवशी घरी. निकालही लवकर कळतो. गायिका अ‍ॅडेलने २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढच्याच फेब्रुवारीत ती ग्रॅमीच्या मंचावर गात होती. मात्र याच यादीत गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्र्यूजही आहेत. १९९७ च्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा गाण्याचा आवाज परतला नाही. घाबरवायला हे सांगत नाही, तंत्र तेव्हापासून पुढे गेलंय. पण धोका नेमका कुठे असतो ते माहीत असावं. तंतूच्या पातळ आवरणाखाली जेलीसारखा एक मऊ थर असतो. तो मोकळा असतो म्हणून वरचं आवरण त्याच्यावर लाटेसारखं सरकतं, पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभराहून जास्त वेळा, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. त्या थरात व्रण राहिला की तेवढ्या जागी लाट अडते. म्हणून चांगला सर्जन गाठ काढतो आणि आजूबाजूचं आवरण जपतो. स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात केलेल्या तपासणीत, ही लाट संथ होऊन दिसते. निर्णयाआधी ती तपासणी झाली नसेल तर जरूर मागा, साध्या दुर्बिणीत पॉलिप आणि सिस्ट यांत गफलत होऊ शकते.

खरं सांगायचं तर मी शस्त्रक्रियेकडेच झुकलो होतो. एकदाचं काढून टाकू, असा माझा स्वभाव. गाडं अडलं मौनापाशी.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस, बऱ्याच ठिकाणी आठवडाभर, अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजताना बरेच जण घसा उलट जास्त आवळतात. ऐकायला सोपं वाटतं. डॉक्टरांनीच सुचवलं, आधी दोन दिवस घरी करून बघा. मी शनिवारी सकाळी सुरू केलं. घरी मी आणि आई, आणि आईला ऐकू कमी येतं. पाटीवर लिहिलं तर तिला चष्मा हवा, चष्मा कुठे ठेवलाय हे तिने मला विचारायचं, आणि मी बोटाने दाखवलं की ती पुन्हा, "काय म्हणालास?" दुपारपर्यंत ती रडकुंडीला आली, मी पाटी आपटली आणि ओरडलो. अकरा वाजता सुरू केलेलं मौन दीड वाजता सुटलं, तेही नेमकं ओरडण्याने.

तुम्हाला हे कारण क्षुल्लक वाटेल. एका आठवड्याचा तर प्रश्न, कुणी नातेवाईक येऊन राहिला असता. पण त्या दुपारी लक्षात आलं की माझा पॉलिप वर्गात कमी आणि या घरात जास्त वाढला असणार. सहा तास शिकवून यायचं आणि मग स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत हाका मारायच्या. गाठ काढली असती, हाका तशाच राहिल्या असत्या.

मग थेरपी. तिचे दोषही ऐका. कंटाळवाणी आहे. स्ट्रॉमधून पाण्यात बुडबुडे काढत गुणगुणायचं, दिवसातून चार-पाच वेळा. पहिल्या आठवड्यात स्वतःचंच हसू येतं, तिसऱ्यात वीट. (नळीमुळे तंतूंच्या वरच्या बाजूला दाब तयार होतो आणि ते एकमेकांवर कमी आपटतात, हे कळल्यावर जरा निष्ठा वाढली.) सारखं खाकरायची सवय सोडून त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा, हे मला स्ट्रॉपेक्षाही जड गेलं. पहिले पाच आठवडे फरक शून्य. सहाव्या-सातव्या आठवड्यात एके दिवशी शेवटचा तास संपला तरी आवाज शिल्लक होता.

सगळ्यात मोठी कमाई वेगळीच झाली. माझ्या थेरपिस्टबाईंनी विचारलं, "आईंशी बोलताना आवाज चढवता की पट्टी?" मी दोन्ही चढवत होतो. वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे मी जितका किंचाळत होतो तितकं तिला कमी समजत होतं. समोर बसायचं, चेहरा दिसू द्यायचा, खालच्या पट्टीत सावकाश बोलायचं. आणि आईला श्रवणयंत्र घ्यायचं, जे आम्ही दोन वर्षं टाळत होतो.

गाणाऱ्यांचं गणित वेगळं असेल, हे मान्य. मला चाळीस मुलांना भूमिती ऐकू गेली की पुरे. तार सप्तकातला एक सूर फाटला तर ज्याचं पोट अडतं त्याला माझा 'चालून जाईल' चालणार नाही. मोठ्या, देठाच्या पॉलिपवर महिनोन्‌महिने बुडबुडे काढत बसणंही शहाणपणाचं नाही. पण लहान पॉलिप असेल, डॉक्टर खरोखरच दोन्ही म्हणत असतील, तर माझ्या मते तीन महिने थेरपीला द्यावेत. त्या काळात शस्त्रक्रियेची वाट बंद होत नाही, आणि पुढे ती करावी लागलीच तरी हीच थेरपी तिच्या आधी-नंतर करायला सांगतात.

माझा पॉलिप पूर्ण गेलेला नाही. शेवटच्या तपासणीत निम्म्याहून लहान दिसला, डॉक्टर म्हणाले राहू दे, सहा महिन्यांनी बघू. आईचं यंत्र बहुतेक वेळ डबीतच असतं. "काय म्हणालास?" आलं की आतून ओरडावंसं अजून वाटतं, उठायचा कंटाळा येतो, उठतो आणि तिच्यासमोर जाऊन बसतो.